भाऊजींच्या दाताला चालेल असं गाणं

भाऊजींचा पुढचा दात मी मोडला. मुद्दाम नाही, हे मी त्या दिवशीही सांगितलं आणि आजही सांगतो. भाऊजींनी ते त्या दिवशी मानलं नाही. अलीकडे फक्त इतकं कबूल करतात, की पुरावा अपुरा आहे.

झालं ते असं. ताईच्या बाहेरच्या खोलीत पडद्याचा नवा दांडा बसवायचा होता. मी स्टुलावर, भाऊजी खाली. दांड्याचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं भिंतीतल्या कडीत. म्हणजे ते कडीत आहे अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, "धरा." पण दांडा माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आधीच निघाला होता. भाऊजी नेमके वर बघत होते, कारण मी काहीही काम करत असलो की माझ्यावर नजर ठेवणं त्यांना गरजेचं वाटतं. दांडा थेट तोंडावर आला आणि समोरच्या दाताचा तिरका तुकडा फरशीवर टणकन पडला.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. भाऊजींनी आधी तो तुकडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरून बघितला, शर्टाच्या खिशात टाकला, आणि मग तोंडावर रुमाल दाबून मला विचारलं, "धरा असं तू आधी म्हणालास की नंतर?"

"बरोबरच म्हणालो."

"बरोबर असं काही नसतं. आधी असतं, नाहीतर नंतर असतं."

आवाज ऐकून ताई स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, रक्त येतंय. चौकशी मागाहून करा."

"चौकशी ताजी असतानाच करायची असते," भाऊजी रुमालाआडून म्हणाले. मोडलेल्या दाताच्या फटीतून प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजली. ताईला हसू आवरेना, म्हणून ती बर्फ आणायला आत गेली. मला जायला जागा नव्हती. मी स्टुलावरच उभा राहिलो.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आता निवृत्त आहेत. त्यांचा संशय अजून सेवेत आहे. सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानादुकानांत जायचं, तराजू बघायचा, वजनं ताडून घ्यायची. ठीक असलं तर शिक्का, नसलं तर उचल आणि घेऊन चल. बाजार त्यांना 'काटा' म्हणायचा. भाऊजी रस्त्याच्या या टोकाला दिसले की "काटा आला" ही कुजबुज त्यांच्या आधी त्या टोकाला पोचायची आणि सगळ्या दुकानांतली पारडी एकदम सज्जन व्हायची. कुणाकडे चहा नाही, पाणी नाही. पाण्याची बाटली घरून. एका दुकानदाराने बिचाऱ्याने बसायला खुर्ची पुढे केली, तर हे उभ्यानेच म्हणाले, "खुर्चीत बसलं की नजर खाली जाते आणि काटा वेगळाच दिसतो. तुम्हाला ते माहीत आहे म्हणून तुम्ही खुर्ची दिलीत." तो माणूस पुढे कित्येक दिवस पाहुण्यांनाही खुर्ची द्यायला घाबरायचा म्हणे.

घरात तरी काय वेगळं. दूधवाल्याच्या मापाखाली ते बोट घालून बघतात, तळ आत ठोकलाय का म्हणून. पावाची लादी दोन्ही हातांत तोलून घेतात. ताई एकदा लाडात येऊन म्हणाली, "मी जरा बारीक झालेय का हो?" तर हे उठून वजनाचा काटा घेऊन आले. "दुसऱ्यांचे नवरे डोळ्यांनी बघतात," असं ताई अजून चारचौघांत सांगते. भाऊजी तिथेच बसलेले असतात आणि शांतपणे म्हणतात, "डोळे फसतात."

तर असा माणूस, आणि त्याला घेऊन मी दातांच्या दवाखान्यात गेलो. मी जायलाच हवं होतं. ताई म्हणाली, "तू मोडलास, तू ने."

दवाखाना चपलांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत बाकं, कुंडीत एक दमलेलं रोप आणि कोपऱ्यात वजन करायचं यंत्र. भाऊजींचं दाताचं दुखणं दारातच विरघळलं. ते थेट त्या यंत्रावर जाऊन उभे राहिले, उतरले, पुन्हा चढले. आत डॉक्टरीणबाईंनी "या काका" म्हटलं, त्यावर नमस्काराऐवजी हे म्हणाले, "जड दाखवतो."

"काय?"

"तुमचा काटा. बाहेरचा."

"तो आधीच्या भाडेकरूंचा आहे, काका. दातासाठी कोण वजन करतंय."

"मग ठेवला कशाला?"

बाई तरुण होत्या, आवाज मऊ आणि हात शांत. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. त्यांनी दिवा ओढला आणि दात तपासला. मग आम्हा दोघांनाही कळेल असं सांगितलं. तडा मुळापर्यंत गेलेला नव्हता, पण आतली नस उघडी पडली होती. रूट कॅनल करून घेतलं तर दात वाचेल. रेंगाळलं तर काढावा लागेल आणि मग त्या जागी खोटा बसवायचा.

'खोटा' हा शब्द उच्चारायला नको होता. भाऊजी खुर्चीत अर्धे उठले. "जन्मभर लोकांची खोटी मापं जप्त केली मी. आता माझ्याच तोंडात एक बसवणार?"

"म्हणून तर वाचवू म्हणतेय. वर फक्त एक टोपी येईल."

भाऊजी पुन्हा मागे टेकले. "टोपी चालेल," ते म्हणाले. "पण टोपीखाली मी असलो पाहिजे."

म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता, की तो अर्धा दात भाऊजींच्या तोंडात राहतो की जातो. त्यांच्या वयाच्या माणसांच्या तोंडात बहुधा दवाखान्याचा माल असतो. यांच्या तोंडात सगळा अस्सल. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि त्या अभिमानावर मी दांडा टाकला होता. दात गेला असता तर मला कुणी शिक्षा केली नसती. फक्त जन्मभर त्या घरात जेवायला बसून ती शिट्टी ऐकावी लागली असती.

खुर्ची मागे झुकली. मदतनीस बाईंनी भाऊजींच्या गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला. आणि डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालता घालता अगदी प्रेमाने विचारलं, "काका, काय लावू? जुनी गाणी, वाद्यं, जे सांगाल ते. मी सगळ्यांना विचारते."

"कशाला?"

"म्हणजे लक्ष दुसरीकडे राहतं."

मी डोळे मिटून घेतले.

"माझं लक्ष," भाऊजी सावकाश म्हणाले, "दुसरीकडे का राहायला हवं?"

बाईंना काय कल्पना असणार. भाऊजींच्या सगळ्या नोकरीचं सार एका वाक्यात सांगायचं तर ते असं आहे: ज्या दुकानात रेडिओ मोठा, तिथला तराजू आधी बघायचा. गिऱ्हाईक गाणं गुणगुणायला लागलं की त्याची नजर वर जाते, आणि नजर वर गेली की दुकानदाराचा अंगठा खाली जातो. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्याच घरात शिकले, असं म्हणायला हवं. आमच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. एके दिवशी एक सडपातळ तरुण पायरी चढून आला आणि त्याने लाकडी पेटी उघडून पितळी वजनं बाहेर काढायला सुरुवात केली. त्याच क्षणी वडिलांनी रेडिओ मोठा केला. बातम्या संपून गाणी लागली होती, इतकंच कारण. वडील गाण्याचे वेडे होते. पण त्या तरुणाने तराजूकडे न बघता आधी रेडिओकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि मग तराजू असा काही तपासला की दिवस मावळला. तराजू निघाला चुकीचा. तोही कसा, तर गिऱ्हाइकाला जास्त देणारा. वडील कित्येक वर्षं स्वतःच्याच पदरचं धान्य वाटत होते. तरी भाऊजींनी तो उचलून नेला. चूक ती चूक.

पुढे काही महिन्यांनी हेच गृहस्थ पेटीशिवाय आले आणि त्यांनी ताईला मागणी घातली. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "आधी तराजू नेला, मग पोरगी नेली. आणि दोन्ही वेळा मला वाटलं, की माझंच काहीतरी चुकलं असणार."

असो. दवाखान्यात भाऊजींनी निर्णय दिला. "काहीही लावू नका. मी ऐकत राहीन."

"दुखलं तर डावा हात वर करा," बाई म्हणाल्या. हिरडीत सुई गेली, ती त्यांनी निमूट सोसली. मग त्या बारीक यंत्राने घूं केलं आणि डावा हात वर.

"दुखलं?"

"अजून नाही. आवाज कसला?"

"यंत्राचा."

पुन्हा सुरुवात. पुन्हा हात.

"आता?"

"आवाज बदलला."

"तोंडात गेलं की बदलतो, काका."

"बाहेर एक आणि आत एक?" भाऊजींनी सुन्न ओठातून कसंबसं विचारलं. मग त्यांना दिव्याच्या चकचकीत कडेत मदतनीस बाईंचा चेहरा दिसला. पुन्हा हात. "त्या हसल्या. का हसल्या?"

"माझा चेहराच तसा आहे हो," मदतनीस बाई म्हणाल्या. त्या ताईच्या वयाच्या होत्या आणि त्यांनी असे पुष्कळ पाहिले असावेत.

हात खाली-वर, खाली-वर. शेवटी डॉक्टरीणबाईंनी यंत्र ठेवलं आणि हातमोजे काढले. चिडल्या नव्हत्या, पण आवाजातला मऊपणा थोडा आत सरकला होता. "काका, तुम्ही प्रत्येक आवाजाला असे दचकलात तर एखाद्या वेळी माझ्या हाताखाली मूळच फुटेल. मग मला तो काढावाच लागेल. आज तात्पुरतं भरून देते. पुढच्या आठवड्यात येताना ऐकायला काहीतरी घेऊन या. तुम्हाला पटेल ते, तुमचं तुम्ही निवडा. पण त्याशिवाय मी हात लावणार नाही."

जिना उतरल्यावर भाऊजी चपलांच्या दुकानापाशी थांबून म्हणाले, "बघितलंस? गाण्याशिवाय हात लावत नाही म्हणे. याचा अर्थ काय?"

"अर्थ हाच, की तुम्ही दचकता."

"तू त्यांच्या बाजूने कधीपासून?"

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल लावला. "दात याने मोडला. गाणंही हाच शोधेल."

मी त्याच इमारतीत, ताईच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे सुटका नव्हती. रोज संध्याकाळी खाली जायचं, जेवणाच्या टेबलावर फोन ठेवायचा आणि भाऊजींच्या परीक्षेला गाणी बसवायची. भाऊजी ऐकायला बसताना चष्मा लावायचे. गाणं ऐकायला चष्मा लावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पहिलं लावलं ते एका गोड गळ्याच्या बाईंचं, जुनं, ठेहराव असलेलं. भाऊजींनी पूर्ण ऐकलं. "फार गोड आहे."

"मग छानच की."

"इतकं गोड कुणी उगाच करत नाही."

मग सतार लावली. ते कान टवकारून बसले. "हा थांबून थांबून वाजवतो. मधल्या वेळात काय करतो?"

"मधल्या वेळात काही करत नाही. तो विसावा असतो."

"आपल्याला दिसत नाही ना?"

तबला लावला. "घाई आहे. घाईत मापं चुकतात, आणि ज्याला चुकवायची असतात तो घाई करतो." मग मी हट्टाने व्हायोलिनवाल्यांचा मोठा ताफा लावला, पन्नासेक माणसं एकदम वाजवणारा. मला वाटलं, एवढ्या माणसांवर कोण संशय घेणार. भाऊजींनी घेतला. "इतके जण कशाला? एकाची चूक दुसऱ्याने झाकायला."

ताई पलीकडे शेंगा सोलत होती. ती न राहवून म्हणाली, "अहो, ते तुमचं दाढी करतानाचं लावू दे की त्याला. ते तर तुम्हीच गुणगुणता."

"ते नको."

"का नको?"

"आवडतं म्हणून नको. आवडतं ऐकलं की मी गाफील होतो. तेच तर त्यांना हवंय."

"त्यांना म्हणजे कुणाला? त्या पोरीला? ती तुमचा दात वाचवतेय की तुमचं घर लुटतेय?"

"वाचवतेय असं ती म्हणते."

खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मलाही ती बाधा झाली. मी दुधाच्या मापाखाली बोट घातलं. केस कापायला गेलो तर तिथे रेडिओ चालू होता, मी सारखा आरशातून न्हाव्याच्या हाताकडे बघत राहिलो, आणि मान इतकी ताठ धरली की त्याने विचारलं, "साहेब, लचकलीय का?" संशयाला दातासारखंच मूळ असतं की काय कोण जाणे, पण एकदा आत गेला की ठणकतो.

ठणका भाऊजींनाही होता. ते सांगत नव्हते. पण घास एकाच बाजूने चावत होते, आणि पाणी पिताना भुवई वर जात होती. एका सकाळी ताईने त्यांना उजेडात धरलं. "गाल सुजलाय तुमचा."

"नाही."

"आरशात बघा."

भाऊजींनी बघितलं. "हा आरसा मोठं दाखवतो."

ताई माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण यायला हरकत नाही अशी तयारी होती. "हे असंच चाललं तर दात जाणार रे. आणि मग हे त्या रिकाम्या जागेवरसुद्धा संशय घेत बसतील. आज काय ते ठरवून टाक."

त्या संध्याकाळी मी शेवटचा उपाय काढला. समुद्राच्या लाटा. नुसत्या लाटा, मनःशांतीसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या. गायक नाही, वादक नाही, शब्द नाही. संशय घ्यायला माणूसच शिल्लक ठेवला नव्हता. भाऊजी बराच वेळ ऐकत होते. मला आशा वाटू लागली.

"यात नुसतं पाणीच आहे," ते म्हणाले.

"हो. शांत वाटतं."

"पाणी घालून विकणारे मी पुष्कळ पाहिले. नुसतं पाणी विकणारा पहिल्यांदाच ऐकतोय."

मी हात टेकले. खरोखरच टेबलावर कोपरं टेकून डोकं धरून बसलो. तेवढ्यात लाटा संपल्या, आणि फोन आपल्या मनाने पुढच्या ध्वनिमुद्रणावर गेला. ते माझं होतं.

म्हणजे मी माउथ ऑर्गन वाजवतो. रोज संध्याकाळी, जेवणाआधी, खिडकीशी बसून. एकच धून, कारण ती नीट बसल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही असं मी ठरवलंय, आणि ती अजून बसतेय. आपलं आपल्याला कळावं म्हणून एकदा फोनवर मुद्रित करून ठेवली होती. ती अशी भरसभेत उघडी पडेल असं वाटलं नव्हतं. मी फोनकडे झेप घेतली.

"थांब," भाऊजी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाठ खुर्चीला टेकली. धून पुढे गेली, वर चढली, वळणावर जराशी घरंगळली, मी श्वास घेतला तोही ऐकू आला, मग पुन्हा सावरली आणि संपली. भाऊजी हलले नाहीत.

"हे चालेल."

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हे?"

"हे."

"अहो, दुसरं काहीही घ्या. त्या लाटा घ्या. बाहेर बाकांवर माणसं बसलेली असतात तिथे, त्यांचा तरी विचार करा."

"मला निवडायला सांगितलंय. मी निवडलं." आणि ते दाढीचं सामान नीट लावायला निघून गेले.

मी काय सांगू. जिना चढताना माझे पाय पायऱ्यांना लागत नव्हते. जगातले नामवंत वादक एका बाजूला सारून भाऊजींनी मला घेतलं होतं, आणि भाऊजींची पसंती म्हणजे शिक्का. ताईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं असतं, ती मी बघायला थांबलो नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. ताई बाहेर बसली. मला भाऊजींनी आत घेतलं, "साक्षीदार पाहिजे" म्हणून. डॉक्टरीणबाईंनी कानांवर लावायचे हेडफोन पुढे केले, ते भाऊजींनी परत केले. कान झाकायचे नव्हते. म्हणून बाईंनी फोन आपल्या छोट्या स्पीकरला जोडला आणि माझी धून संपूर्ण दवाखान्यात, आणि बहुधा खाली चपलांच्या दुकानातही, सुरू झाली.

बाईंनी स्पीकरकडे बघितलं. "हे कुठलं वाद्य?"

"माउथ ऑर्गन," मी म्हणालो.

"नवीन शिकतायत का कुणी?"

"बरीच वर्षं झाली," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. वाईट एक्स-रे बघून डोलावतात तशी. मदतनीस बाईंचा चेहरा या वेळी अजिबात हसरा नव्हता.

सुई झाली. यंत्राने घूं केलं. मी भाऊजींच्या डाव्या हाताकडे बघत होतो. तो पोटावर होता आणि पोटावरच राहिला. धून छोटी, संपली की पुन्हा पहिल्यापासून. यंत्र थांबलं, बारीक सळया आत-बाहेर झाल्या, नळीने सुर्र करून थुंकी ओढली. हात पोटावर. आवाज बदलला, पुन्हा बदलला. हात पोटावरच. एवढंच, की धून वळणावर आली की भाऊजींची तर्जनी अलगद वर उठायची, क्षणभर थांबायची आणि पुन्हा खाली. प्रत्येक फेरीत त्याच जागी. मला गहिवरून आलं. जाणकार माणूस दाद देतो ती अशी, नेमक्या जागेवर. पुढे पुढे तर डॉक्टरीणबाईही त्या जागेपाशी हात थांबवायला लागल्या, आणि मदतनीस बाई नळी. सगळा दवाखाना माझ्या त्या एका वळणावर श्वास रोखून उभा राहायचा आणि मग कामाला लागायचा.

बाहेर, ताईने नंतर सांगितलं, शेजारच्या बाईंनी तिचा हात धरून विचारलं, "आत आहेत ते तुमचे का? फार विव्हळतायत हो." ताई म्हणाली, "नाही, तो माझा भाऊ आहे," आणि त्या बाई दुसऱ्या दिवशी येते असं सांगून निघून गेल्या.

शेवटी बाईंनी यंत्र ठेवलं, दिवा बाजूला केला आणि सगळ्यात आधी स्पीकर बंद केला. "झालं, काका. दात तुमचाच राहिला. टोपी पुढच्या खेपेला."

भाऊजींनी आरसा मागितला. ओठ बोटाने वर करून, डावीकडून, उजवीकडून, खालून बघितलं. मग खुर्चीतून उतरले आणि बाईंसमोर सरळ उभे राहिले. "हात हलला नाही तुमचा," ते म्हणाले. मी त्यांना एवढ्या वर्षांत कुणाला इतकं मोठं प्रशस्तिपत्र देताना ऐकलेलं नव्हतं. बाईंना ते कळलं असावं, कारण त्या लाजल्या.

घरी चालत निघालो. ताई पुढे, औषधांच्या दुकानाकडे वळली. भाऊजी आणि मी मागे. त्यांचा अर्धा ओठ अजून झोपलेला होता, चेहरा एका बाजूने समाधानी आणि दुसऱ्या बाजूने अनिश्चित दिसत होता. मला राहवेना. असं काही विचारू नये, हे मला कळतं. पण माणूस आहे.

"भाऊजी," मी म्हणालो, "माझं वाजवणं तुम्हाला एवढं आवडतं, हे इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत."

भाऊजी थांबले. सुन्न ओठ सावरून, शब्द एकेक करून तोलत त्यांनी उत्तर दिलं.

"आवडत नाही, पण तू कुठे चुकणार ते मला पाठ आहे, त्या बाईंचं माहीत नव्हतं."